जॅझच्या तबकड्या आणि चित्रांचे प्राध्यापक

श्रोतेहो, नमस्कार.

१९४८ सालचं ॲम्स्टरडॅम. शहरात ख्रिस्ती धर्ममंडळांची परिषद भरली होती. तिथे सव्वीस वर्षांच्या एका डच विद्यार्थ्यानं फ्रान्सिस शेफर नावाच्या अमेरिकन पाद्रीला गाठलं. त्याला बोलायचं होतं जॅझबद्दल! गप्पा चित्रांवर गेल्या आणि रात्र सरली तरी संपल्या नाहीत. हा विद्यार्थी म्हणजे हान्स रोकमाकर.

जन्म १९२२चा, हेग शहरातला. महायुद्धात नौदलाचा हा उमेदवार जर्मनांच्या युद्धकैदी छावणीत अडकला. तिकडे त्याची ज्यू प्रेयसी आउशवित्झच्या नाझी छळछावणीत मारली गेली. छावणीत त्यानं बायबल हाती घेतलं, आणि तिथेच योहान मेकेस या सहकैद्याकडून तत्त्वज्ञानाचे धडे घेतले. काटेरी तारांच्या आतली ही शाळा!

पुढे फ्रेंच चित्रकार पॉल गोगँ आणि त्याच्या वर्तुळातल्या कलाविचारांवर त्यांनी प्रबंध लिहिला. ॲम्स्टरडॅमच्या फ्री युनिव्हर्सिटीत ते कलेतिहासाचे प्राध्यापक झाले. जॅझ, ब्लूज आणि स्पिरिच्युअल्स, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची भक्तिगीतं, यांवर त्यांचं पुस्तक आलं ते १९६० साली, म्हणजे हे प्राध्यापकपद मिळण्याच्याही आधी. चित्रं बघणाऱ्या या माणसाचे कान फार तयार होते.

आता मुद्द्याची गोष्ट. ख्रिस्ती कला म्हटलं की आपल्यासमोर क्रूस, देवदूत, मरियामाता उभी राहते. रोकमाकरांना हे मान्य नव्हतं. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांची निसर्गचित्रं आठवा: सखल जमीन, पाणी, वर ढगांनी भरलेलं भलंमोठं आभाळ. बायबलातला एकही प्रसंग नाही. तरी चित्रकार या जगाकडे देवाची निर्मिती म्हणून बघतो आहे, हे त्या बघण्यातच उमटतं, असं त्यांचं म्हणणं. मग चित्राला प्रवचन करायला कशाला लावायचं? कलेला समर्थनाची गरज नाही, अशा अर्थाचं शीर्षक असलेली त्यांची छोटी पुस्तिका त्यांच्या निधनानंतर, १९७८ साली निघाली. चित्र काढणं म्हणजे वेळ दवडणं, असं घरी-चर्चमध्ये ऐकत आलेल्या तरुण ख्रिस्ती चित्रकारांना हे ऐकून केवढा धीर आला असेल!

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. आधुनिक कलेवरच्या १९७० सालच्या गाजलेल्या पुस्तकात ते एका संस्कृतीच्या मृत्यूचीच वार्ता देतात. पिकासोच्या चित्रात त्यांना जे हरवलेलं दिसतं, तिथे मला कधीकधी नवं काही सापडलेलं दिसतं. पण चित्रासमोर ते थांबतात, रेषा नि रंग नीट बघतात आणि मगच भांडतात. अशा माणसाशी वाद घालायलाही मजा येते.

१३ मार्च १९७७ रोजी, वयाच्या अवघ्या ५५व्या वर्षी ते गेले. शेफरांशी ॲम्स्टरडॅममधल्या त्या रात्री जुळलेली मैत्री तोवर टिकून होती.