एक जूनची माणसं

(पडद्यावर: दूध संस्थेचं ऑफिस. रिकामे कॅन, सभासदांचं जाड रजिस्टर, शेजारी कॉम्प्युटर.)

सकाळचं संकलन उरकलंय. सचिव माझ्याकडे खुर्ची सरकवतात. "सर, एक्सेल पार बिघडलंय. रजिस्टर बघून मोजले तर आकडा वेगळा, आणि हे सांगतंय वेगळा."

हवी आहे एक साधी यादी: ३१ मार्च २०२४ ला सत्तरी पूर्ण झालेले सभासद.

अशा टेबलांपाशी मी बरीच वर्षं बसतोय. बहुतेक जण सुरुवातीलाच म्हणतात, "मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही." मला ते पटत नाही. दर दहा दिवसांचं दूधबिल पैशापैशाने जुळवणाऱ्या माणसाला हिशेब चांगलाच कळतो. आपण टाइप केलेलं एक्सेल जसंच्या तसं ठेवत नाही, त्यावर स्वतःचा अंदाज बांधतं, एवढंच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

(पडद्यावर: जन्मतारखेचा रकाना, जवळून.)

रकाना दिसायला नेटका. सगळ्या तारखा सेंटरला. मी आधी ते सेंटर काढायला सांगतो, आणि रकाना दुभंगतो. काही तारखा उजव्या कडेला जातात, काही डाव्या. उजवीकडच्या एक्सेलने तारीख म्हणून घेतल्यात. डावीकडच्या त्याच्या लेखी नुसता मजकूर.

विंडोजची सेटिंग अमेरिकन राहिली आहे. तिथे आधी महिना, मग दिवस. १५/०८/१९५० मधला पंधरावा महिना काही सापडला नाही, म्हणून ती तारीख मजकूर झाली आणि वयाच्या रकान्यात तिच्यापुढे एरर आली. सचिव याच एररला घाबरले होते. मला ती बरी वाटते. ती निदान हाक तरी मारते.

खरा घोळ मुकाट बसलेल्या तारखांत आहे.

आपल्याकडे त्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून. जन्माची नोंद नसायची, शाळा जूनमध्ये भरायची, गुरुजी दाखल करून घेताना १ जून लिहून टाकायचे. या रजिस्टरातही पानोपानी तेच. सचिवांनी ०१/०६/१९५४ टाइप केलं, एक्सेलने वाचलं ६ जानेवारी. पडद्यावर १/६/१९५४ च दिसतं, मग शंका कुणाला येणार? एक्सेल प्रत्येक तारीख आतून दिवसांचा क्रमांक म्हणून ठेवतं. सेलचा फॉरमॅट जनरल केला की तो आतला आकडा दिसतो: १९७३०. एक जूनचा हवा होता १९८७६. फरक १४६ दिवसांचा. म्हणून मार्चअखेर सत्तरी न गाठलेले लोकही यादीत आले.

मानवी जनुकांच्या नावांचंही असंच व्हायचं. 'मार्च-१', 'सेप्ट-१' सारखी नावं टाकली की एक्सेल त्यांच्या तारखा करायचं. अखेर २०२० मध्ये शास्त्रज्ञांच्या नामकरण समितीने त्या जनुकांची नावंच बदलली. हे ऐकून सचिव पहिल्यांदा मोकळं हसले.

(पडद्यावर: सचिवांचा हात माउसवर.)

आधी फाइलची कॉपी. मग सॉर्ट, मजकूरवाल्या तारखा तळाशी गोळा होतात. पहिल्यांदा वरच्या तारखा सुधारायच्या: शेजारच्या रकान्यात डेट फॉर्म्युला, त्यात महिना आणि दिवसाची अदलाबदल, आणि आलेलं उत्तर मूळ जागी व्हॅल्यू म्हणून पेस्ट. त्यानंतरच तळाच्या मजकुराची तारीख करायला 'टेक्स्ट टू कॉलम्स' ही सोय, तिथे क्रम निवडायचा डे-मंथ-इयर. हा क्रम चुकला तर सगळ्याच उजवीकडे जातात आणि उलटी कुठली, सुलटी कुठली ते समजत नाही. शेवटी विंडोजचं रीजन इंडिया करायचं. माउस मी हातात घेत नाही. सगळं सचिवच करतात.

यादी रजिस्टरशी जुळली. मग त्यांनी बँक खात्यांचा रकाना उघडला. सोळा आकडी नंबर, आणि प्रत्येकाच्या शेवटी शून्य. एक्सेल आकड्यात पंधराच अंक धरून ठेवतं. सोळावा गेला तो गेला, कुठलाही फॉर्म्युला तो परत आणत नाही. रकाना आधी टेक्स्ट करायचा आणि नंबर पुन्हा भरायचे.

सचिव काही बोलले नाहीत. उठले, दाराजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलं: उद्या दूध घालायला येताना पासबुक आणावे.