पॅरिसचा फुगा आणि २२.४ चा आकडा

[पडद्यावर: शां द मार्सचं मैदान, आजचं. मागे आयफेल टॉवर.]

टॉवर उभा राहायला अजून शंभरेक वर्षं होती तेव्हाची गोष्ट. २७ ऑगस्ट १७८३. या मैदानावर पॅरिसकरांची तोबा गर्दी लोटली होती आणि त्या गर्दीत बेंजामिन फ्रँकलिनही होते. मधोमध रेशमाचा गोल फुगा. रबर टर्पेंटाइनमध्ये विरघळवून त्याचा लेप रेशमावर चढवलेला. आकारमान सुमारे ३५ घनमीटर. आत होती 'ज्वलनशील हवा', म्हणजे आपला हायड्रोजन. फुग्यामागची कल्पना जाक चार्ल्स यांची आणि बांधणी रोबेर बंधूंची. अकरावीत ज्याच्या नियमाशी आपली गाठ पडते, तोच हा चार्ल्स.

हायड्रोजन आणायचा कुठून? सिलिंडर मिळण्याचे ते दिवस नव्हते. लोखंडावर आम्ल ओतायचं, बुडबुडे येतील ते शिशाच्या नळीतून फुग्यात सोडायचे. जवळपास अर्धा टन लोखंड आणि पाव टन गंधकाम्ल (सल्फ्युरिक ॲसिड) त्यात खर्ची पडलं.

इतकं खरंच लागतं का? गणित मांडून बघू.

[पडद्यावर: वही, पेन्सिल.]

अभिक्रिया साधी आहे. मोल म्हणजे कणांची ठरावीक मोठी संख्या, डझनासारखं माप. एक मोल लोखंड, एक मोल गंधकाम्ल. मिळतं एक मोल फेरस सल्फेट आणि एक मोल हायड्रोजन. सगळीकडे एकास एक. त्यामुळे प्रश्न एवढाच उरतो, की ३५ घनमीटरमध्ये हायड्रोजनचे मोल किती मावतात?

इथे बहुतेकांचा हात आपसूक २२.४ कडे जातो: एक मोल वायू म्हणजे २२.४ लिटर, हे पाठ असतं. ३५,००० लिटर भागिले २२.४, उत्तर सुमारे १,५६२ मोल. झालं!

नाही झालं. २२.४ लिटर हा आकडा शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाब, एवढ्या एकाच परिस्थितीचा. ऑगस्टमधल्या पॅरिसमध्ये पाणी गोठत नाही. (त्यात १९८२ पासून आंतरराष्ट्रीय रसायनसंघटनेने प्रमाण दाब एक वातावरणाऐवजी एक बार धरलाय, तेव्हा आकडा २२.७ होतो. काही पुस्तकांत हा, काही पुस्तकांत तो. परीक्षेला जाण्याआधी आपलं पुस्तक उघडून बघा.)

आपण हवा २० अंश धरू आणि दाब पाऱ्याचा ७५० मिलिमीटर. तापमान केल्व्हिनमध्ये, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून, २९३. आता दोन वाटा आहेत. एक, दाब, आकारमान, तापमान आणि मोल यांना जोडणाऱ्या आदर्श वायू समीकरणात सरळ आकडे घालायचे. दुसरी मला जास्त आवडते, कारण तिथे डोकं चालवावं लागतं: हा ३५ घनमीटर वायू २२.४ वाल्या प्रमाण स्थितीला (शून्य अंश, एक वातावरण म्हणजे ७६० मिलिमीटर) नेला तर किती उरेल?

थंड केला की वायू आकसणार. म्हणजे ज्या अपूर्णांकाने गुणायचं तो एकापेक्षा लहान हवा: वर २७३, खाली २९३. दाब ७५० वरून ७६० वर गेला, वायू आणखी दबणार. पुन्हा लहान आकडा वर: ७५०, खाली ७६०. सूत्र पाठ नसलं तरी चालतं. वायू फुगणार की आकसणार एवढं आधी ठरवलं की अपूर्णांक उलटा पडत नाही. उत्तर येतं ३२.२ घनमीटर. आता मात्र २२.४ ने खुशाल भागा. १,४३६ मोल.

लोखंडाच्या एका मोलचं वजन ५५.८५ ग्रॅम, म्हणजे ८० किलो लोखंड. गंधकाम्लाचा मोल ९८ ग्रॅमचा, म्हणजे १४१ किलो आम्ल. सरसकट २२.४ धरलं असतं तर लोखंड ८७ किलो आलं असतं. सात किलोंचा फरक, निव्वळ ऑगस्ट महिन्याचा.

आणि २९३ च्या जागी चुकून २० घातले तर? समीकरण मुकाट्याने पावणेबाराशे किलो लोखंड मागतं. कॅल्क्युलेटर काही म्हणणार नाही. आपल्यालाच खटकायला हवं.

अजून एक काटा काढायचा राहिलाय. हा वायू पाणी घातलेल्या आम्लातून बुडबुडत वर येतो, तो ओला असतो. २० अंशाला पाण्याच्या वाफेचा दाब साडेसतरा मिलिमीटर. ७५० मधून तेवढा वजा करायचा. हायड्रोजनच्या वाट्याला ७३२.५ येतात. मोल उतरतात १,४०२ वर, लोखंड ७८ किलोंवर.

[पडद्यावर: पीप, शिशाची नळी, वाफ.]

आता खऱ्या हिशेबाकडे या. लोखंड अर्धा टन, म्हणजे जवळजवळ ९,००० मोल. आम्ल पाव टन; शुद्ध धरलं तर अडीच हजारांच्या वर. लोखंड कितीही ओता, आम्ल संपलं की बुडबुडे थांबले. इथला लिमिटिंग रिएजंट आम्ल. तरीही त्या आम्लात असे पावणेदोन फुगे भरले असते. मग एक भरता भरता नाकी नऊ का आले?

आम्ल बाजारातलं, पूर्ण शुद्ध नसणारच. सांध्यांतून गळती होणारच. पण खरी गंमत नळीत होती. आम्ल आणि लोखंड भेटले की भांडं चांगलंच तापतं. तो गरम वायू थंड पाण्यातून न नेता थेट फुग्यात सोडला जात होता. समजा तो ६० अंशाचा होता. फुगा टच्च भरलेला दिसला, लोक खूश. मग वायू निवून २० वर आला: ३५ गुणिले २९३ भागिले ३३३, म्हणजे ३०.८. चार घनमीटर गायब! एकही मोल कुठे न जाता. पुन्हा आम्ल ओता, पुन्हा थांबा. असं काही दिवस चाललं. दाब तोच असताना वायूचं आकारमान तापमानासोबत कसं हलतं, हे चार्ल्सने तपासलं ते त्यानंतर, १७८७ च्या सुमारास. छापलं नाहीच, १८०२ मध्ये गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याचं श्रेय चार्ल्सला दिलं.

फुगा पाऊण तास उडाला आणि वीसेक किलोमीटरवरच्या गोनेस गावात उतरला. घाबरलेल्या गावकऱ्यांनी त्याच्या चिंध्या केल्या.

[पडद्यावर: त्वीलरी बाग, १ डिसेंबर १७८३.]

तीन महिन्यांनी चार्ल्स स्वतःच उडाला, धाकट्या रोबेरला सोबत घेऊन. हा फुगा ३८० घनमीटरचा, बरोबर बॅरोमीटर आणि थर्मामीटर, आणि फुग्याचं तोंड खाली उघडं ठेवलेलं. ते उघडं का, याचं उत्तरही आपल्याच अपूर्णांकांत आहे. त्या दिवशीच्या दुसऱ्या फेरीत चार्ल्स एकटाच ३,००० मीटरच्या आसपास पोचला. तेवढ्या उंचीवर दाब साधारण ५२६ मिलिमीटर, तापमान शून्याखाली चार-पाच अंश. जमिनीवर १५ अंश आणि ७६० मिलिमीटर धरले, तर दाब घटल्याने वायू ७६० भागिले ५२६ इतका पसरू पाहतो, थंडीमुळे २६९ भागिले २८८ इतका आकसतो. दोन्ही मिळून १.३५ पट. फुगा काठोकाठ भरून निघाला असेल तर जास्तीचा वायू उघड्या तोंडातून बाहेर पडतो. तोंड बांधलेलं असेल तर रेशीम फाटतं. बाहेर पडणारा वायू एकूण मोलच्या चौथ्या हिश्शाइतका, सुमारे ४,१०० मोल. लोखंडाच्या भाषेत २३० किलो.