झुरळाच्या मिशीला कासरा: खरे झॉम्बी

नमस्कार मंडळी! इंदूरच्या रामबागेत आमचं जुनं घर. मागच्या पावसाळ्यात मोरीच्या कोपऱ्यात पाचूसारखी हिरवी, चमकणारी एक गांधीलमाशी दिसली. तिच्या मागोमाग एक झुरळ चाललेलं. पळत नव्हतं, झटापट नव्हती. माशीने त्याची मिशी तोंडात धरली होती आणि कासरा धरून बैल न्यावा, तशी ती त्याला नेत होती. मी तांब्या हातात घेऊन बघतच राहिले.

ही ज्युवेल वास्प. तिचा पहिला डंख झुरळाच्या छातीत. पुढचे पाय काही मिनिटं लुळे पडतात, म्हणजे दुसऱ्या डंखाच्या आड ते येत नाहीत. दुसरा डंख थेट मेंदूत. त्यानंतर झुरळाचे सगळे पाय धड असतात, पण आपणहून पाऊल उचलण्याची इच्छाच उरत नाही. माशी त्याला बिळात नेते, पायावर अंडं घालते आणि खड्यांनी बिळाचं तोंड बुजवते. अळी जिवंत झुरळाला आतून खात मोठी होते.

मुंग्यांना अशीच एक बुरशी लागते, ऑफिओकॉर्डिसेप्स. मुंगी झाडावर चढते, पानाच्या शिरेला घट्ट चावते आणि तिथेच मरते. काही दिवसांनी तिच्या डोक्यातून बुरशीचा देठ उगवतो.

आता माणसाकडे येऊ, कारण मला खरं बोलायचंय ते रेबीजबद्दल. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतला विषाणू चाव्यातून शिरतो, नसांमधून हळूहळू मेंदूत पोचतो आणि तिथून लाळग्रंथींत उतरतो. कुत्रं चावत सुटतं आणि विषाणू पुढे जातो. माणसाला तहान लागते, पण पाणी बघताच घसा आवळतो. जलसंत्रास म्हणतात तो हाच. आणि गोष्टीतल्या झॉम्बीला, म्हणजे चालत्या-फिरत्या प्रेताला, काही कळत नसतं, इथे मात्र अधूनमधून रोगी पूर्ण शुद्धीवर असतो. आपलं काय चाललंय ते त्याला कळतं. मला सगळ्यात भयंकर वाटतं ते हे. लक्षणं दिसली की जवळजवळ कुणीच वाचत नाही.

पण नसांतला हा प्रवास बहुधा दोन-तीन महिन्यांचा असतो. ६ जुलै १८८५ला शास्त्रज्ञ लुई पाश्चरने पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस देववली. विषाणू मेंदूत पोचण्याआधीच शरीर तयार झालं, पोरगा वाचला.

आमच्या गल्लीत एका मुलाच्या पोटरीत कुत्र्याचा दात रुतला, तर घरच्यांनी जखमेत लाल तिखट भरलं! असलं काही करू नका हो. तिखट नको, चुना नको, हळद नको. साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण १५ मिनिटं. मग त्याच दिवशी दवाखाना. पहिली लस, आणि रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनसुद्धा, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं. पुढच्या तारखा डॉक्टर देतील, त्यातली एकही चुकवू नका.

त्या मुलाचा पाय मी नळाखाली धरला होता. तो रडत होता, त्याची आई म्हणत होती, "अहो ताई, झालं ना आता?" घड्याळात सहाच मिनिटं झाली होती. मी पाय सोडला नाही.