उतरताना मागे कोण असतं?

(दृश्य: बर्फाचा उभा उतार. एकाच दोराला बांधलेली दोन माणसं.)

चढताना गाइड पुढे असते. उतरताना मागे, म्हणजे वरच्या बाजूला. खालच्या पाहुण्याचे क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांखालचे अणकुचीदार काटे, निसटले, तर सावरायचं तिनंच. म्हणून दोघांमधला दोर तिनं आखूड ठेवलाय. उरलेल्याची वेटोळी खांद्यावरून तिरकी घेतलीत. पाहुणा तिच्याहून चांगलाच वजनदार, पण इथे मनगटाच्या जोरापेक्षा पाय रोवून उभं राहणं आणि दोराला ढील पडू न देणं जास्त कामाचं.

नेपाळमध्ये डोंगरातली कामं बायका करतच होत्या. कपाळावर नाम्लोचा पट्टा, पाठीवर डोको नावाची टोपली घेऊन ओझी वाहायची, लॉजची चूल सांभाळायची. दोराचं वरचं टोक मात्र पुरुषाच्या हातात.

२२ एप्रिल १९९३. पासांग ल्हामू शेर्पा एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचल्या. तिथवर गेलेली नेपाळची पहिली स्त्री. उतरताना हवा बिघडली आणि त्या परत आल्या नाहीत. पुढे काठमांडूत त्यांचा पुतळा उभा राहिला, एका शिखराला नावही दिलं गेलं.

(दृश्य: पोखरा, फेवा तलावाचा काठ.)

इथे छेत्री बहिणींचं गेस्टहाउस होतं. लकी, डिकी आणि निकी. ट्रेकवरून परतलेल्या परदेशी बायका त्यांना पुरुष गाइडांनी दिलेल्या त्रासाबद्दल सांगायच्या. नुसतं ऐकून हळहळण्यापेक्षा १९९४ मध्ये बहिणींनी स्वतःच बायकांना ट्रेकवर न्यायला सुरुवात केली आणि १९९९ मध्ये गावोगावच्या मुलींना हे काम शिकवणारी संस्था काढली. घरची परवानगी मिळवणं हा त्या मुलींचा पहिला घाट. अन्नपूर्णेचे घाट त्यानंतरचे.

(दृश्य: रोलवालिंग खोरं.)

याच खोऱ्यातल्या ना गावच्या दावा यांगझुम शेर्पा. २०१२ मध्ये एव्हरेस्ट. २०१४ मध्ये माया शेर्पा आणि पासांग ल्हामू शेर्पा अकिता (१९९३ च्या पासांग ल्हामू वेगळ्या) यांच्यासोबत केटू शिखर. ऑक्टोबर २०२४ मध्ये शिशापांगमा, आणि आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरं पूर्ण. नेपाळी स्त्रियांमध्ये पहिल्या.

हारतुरे झाले ते या चौदा शिखरांचे. आमच्या लेखी त्यांची खरी कमाई २०१८ ची आहे. त्या वर्षी पर्वत-गाइडांच्या जागतिक महासंघाचा बिल्ला मिळवणाऱ्या त्या पहिल्या नेपाळी स्त्री ठरल्या. माथा गाठला की फोटो निघतो. या बिल्ल्यासाठी मात्र वर्षानुवर्षं परीक्षा द्याव्या लागतात: खडक, बर्फ, हिमप्रपाताचा अंदाज, हिमभेगेत पडलेल्याला वर ओढून काढणं. आणि सगळ्यात अवघड, पुरते पैसे भरून आलेल्या माणसाला माथा समोर दिसत असताना “आता मागे फिरायचं” असं सांगणं. ते बाईच्या तोंडून ऐकून घेण्याची सवय अजून पुष्कळांना नाही!

आपल्याकडचे पुण्या-मुंबईचे गट दरवर्षी एव्हरेस्ट बेसकॅम्पला, अन्नपूर्णेला जातात. बुकिंग करताना जेवण, गरम पाणी, वाय-फाय, सगळं खोदून खोदून विचारतो आपण. यंदा एजन्सीला एक जास्तीचा प्रश्न विचारा: गाइड म्हणून बाई मिळेल का? “नाही” म्हणाले, तर का नाही, तेही विचारा.