घोंगडीला कात्री लावताना

(टेबलावर पसरलेली काळी घोंगडी. हातात खडू.)

पावसाळ्यात धनगर घोंगडीची खोळ करतो. कापत नाही, बेतत नाही. नुसती दुमडायची आणि डोक्यावरून घ्यायची. रात्री तीच अंथरायची नाहीतर पांघरायची. म्हणून कोट शिवायला खडूच्या रेघेपाशी कात्री आणली, तेव्हा माझा हात थांबला.

ही घोंगडी म्हसवडची. दख्खनी मेंढीची लोकर, रंगही मेंढीचाच. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ दिलेली, त्यामुळे नवी घोंगडी ताठ लागते. तशीच कापली असती तर पहिल्या धुण्यात कोट आटला असता. आधी थंड पाण्यात भिजवली, न पिळता सावलीत वाळवली. दोन दिवस गेले.

(कात्रीचा आवाज.)

एरवी कापड घडी घालून दुहेरी कापतात. इतक्या जाड कापडात वरचा थर सरकतो आणि दोन्ही बाजू सारख्या निघत नाहीत. मी प्रत्येक तुकडा एकेरीवर बेतला, माया, म्हणजे शिलाईबाहेरचं जादा कापड, पाऊण इंच ठेवली. वीण सैल असल्याने धागे लगेच सुटतात, म्हणून कापण्याआधीच रेघेच्या आतून मशीन मारून घेतली.

(शिलाई मशीन, जवळून.)

मशीन घरचीच, पायाची. सुई अठरा नंबरची, टाका चार मिलिमीटरचा, कापड दाबून धरणाऱ्या फुटाचा दाब सैल केलेला. सरळ शिलाई निभावते. अडतं ते जाडी बदलते तिथे. चढावर फूट नाक वर करतो, कापड पुढे जात नाही आणि टाके एकाच जागी साचतात. फुटाच्या मागे पुठ्ठ्याची घडी सरकवली की तो पुन्हा सपाट बसतो. तेवढे चार-सहा टाके चाक हातानं फिरवून घालायचे, घाई करायची नाही.

कॉलरनं सगळ्यात जास्त परीक्षा घेतली. वरची कॉलर, खालची कॉलर, दोघींची आत वळलेली माया. टोकाला इतके थर साठले की मशीनखाली जाईनात. सगळं उसवलं. खालची कॉलर खादीची केली, पुढच्या उघड्या कडांची आतली पट्टीही खादीचीच. मग आतल्या मायेचा एक थर दुसऱ्यापेक्षा कमी कापला, पायऱ्यांसारखा, म्हणजे बाहेरून उंचवटा दिसत नाही.

(इस्त्री. वाफ.)

ओलं फडकं, गरम इस्त्री, आणि वाफ निघून जायच्या आत वर पोळपाट दाबून धरायचा. कोरडं लाकूड वाफ शोषतं, शिलाई चपटी बसते. या कोटाचा निम्मा वेळ इस्त्रीवर गेला. तो मला मशीनवरच्या वेळेइतकाच मोलाचा वाटतो.

लोकर मानेला टोचते, म्हणून अस्तर सुती लावलं. बाह्यांना मात्र सॅटिन, हात सहज सरकावा यासाठी. काजं दोनदा उसवली, तेव्हा लाकडी बटणं आणि लोकरीच्या पिळाचे फासे लावले.

(कोट खुंटीला. कॅमेरा सावकाश खाली.)

खालची कड दुमडली असती तर तिथे पुन्हा जाडी वाढली असती. म्हणून कापड आडवं बेतलं आणि घोंगडीचा मूळ काठच खाली ठेवला. विणकराच्या मागावरून उतरला, तसाच तो आहे.