रस्त्यावरची मारामारी: धरलंत खरं, पण सोडणार कधी?

नमस्कार मंडळी. क्लासला आलेला नवा मुलगा आठवडाभरात एक प्रश्न विचारतोच: "सर, रस्त्यावर कुठला डाव चालतो?" डाव पुष्कळ चालतात. पण डाव लागल्यावर, माणूस तुमच्या हातात आल्यावर पुढं काय करायचं, हे कुणी विचारत नाही. कुस्तीत पंच शिट्टी मारतो, ज्युदोत इप्पॉन, म्हणजे लढत संपवणारा पूर्ण गुण होतो, जुजुत्सूत समोरचा हार मानून थाप मारतो. रस्त्यावर यातलं काहीच नसतं. तिथं शेवट तुम्हालाच करावा लागतो, म्हणून आज त्याबद्दल बोलू.

आपल्याकडे भांडणाची सुरुवात ठरलेली. पार्किंग, गाडीचा कट, वरातीत लागलेला धक्का. आधी "तू कोण रे?", मग छातीवर बोट, मग ढकलाढकली आणि गचांडी. तोंडानं मिटत असेल तर मिटवा, निघता येत असेल तर निघा. मोबाईल किंवा पाकीट मागणारा असेल तर सरळ देऊन टाका. मी पुढं सांगतोय ते यातलं काहीच जमत नसेल तेव्हासाठी.

ये रे, धर माझी गचांडी.

(जोडीदार डाव्या हातानं कॉलर पकडतो, उजवा हात मोकळा.)

बघा. आपण घाबरून मागं खेचतो. मागं गेलात की बरोबर याच्या ठोशाच्या टप्प्यात येता. म्हणून पुढं जायचं. हनुवटी खाली, डोकं याच्या छातीला चिकटलेलं. ठोसा मारणाऱ्या हाताचा दंड वरून धरून ठेवायचा. आता कॉलर धरलेला हात कोपरापाशी वर ढकलायचा, डोकं त्याच्या बगलेखालून काढायचं आणि मागं जाऊन कमरेला मिठी. तालमीतली मंडळी हसत असतील, कारण ही साधी बगलडूब आहे. पैलवानाच्या भाषेत मी कब्जा घेतला. आता याला मला नीट मारता येत नाही, आणि मी मात्र याच्या कानाशी बोलू शकतो: "बास झालं, मी सोडतोय, शांत हो." शेजारी भिंत किंवा गाडीचं बॉनेट असेल तर त्यावर टेकवून धरा. बऱ्याच भांडणांना एवढं पुरतं, कारण दहा सेकंद हलता आलं नाही की माणसाचा जोर उतरतो आणि तेवढ्यात सोडवणारे येतात.

माझं मत विचाराल तर इथंच थांबावं. पाडायची घाई नको. हौद्यातली लाल माती ताक, तेल, हळद घालून मऊ केलेली असते. तिच्यात धोबीपछाड खाल्लेला पैलवान उठून परत शड्डू ठोकतो. तोच डाव सिमेंटच्या रस्त्यावर मारलात आणि डोकं आधी आपटलं, तर कवटी फुटू शकते. रस्त्यावर फेकण्याचा डाव हत्यारच आहे असं समजा. पाडायचंच असेल तर मागून कंबर धरून, गुडघ्यात वाकवून हळूच खाली बसवा.

आता जमिनीवरचं. 12 नोव्हेंबर 1993 ला अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी, म्हणजे सगळ्या प्रकारच्या लढवय्यांची पिंजऱ्यातली स्पर्धा झाली. रॉयस ग्रेसी नावाचा, 80 किलोच्या आसपासचा सडपातळ माणूस एका रात्रीत तीन लढती जिंकला आणि जगभर ब्राझिलियन जुजुत्सूचे क्लास निघाले. माणूस खाली नेला की ताकद आणि ठोसे निम्मे होतात, हे त्या रात्री दिसलं आणि ते खरंच आहे. पण तिथं समोर एकच माणूस होता, पायाखाली मॅट होती आणि त्याचे मित्र पिंजऱ्याबाहेर होते. तुमच्या गल्लीत ते मित्र तुमच्या डोक्याशी उभे असतील. फायनलमध्ये एक गंमत झाली. चावायला मनाई असूनही गेरार्ड गोर्डोनं रॉयसचा कान चावला. रॉयसनं चोक, म्हणजे गळा आवळायची पकड लावली, गोर्डोनं थाप मारली, तरी रॉयसनं लगेच सोडलं नाही. इतका शिकलेला माणूस, बाजूला पंच उभा, तरी रागात हात सुटेना. मग आपलं काय होईल?

म्हणून खाली गेल्यावर छातीवर बसून राहू नका. एक गुडघा त्याच्या पोटावर, दुसरा पाय लांब, पंजा जमिनीवर. इथून एका क्षणात उठता येतं आणि मान वर ठेवून आजूबाजूला बघता येतं. त्याचे हात सतत नजरेत ठेवा. एखादा हात खिशाकडे किंवा कमरेकडे गेला तर धरून ठेवण्याचा मोह सोडून उठा आणि पळा. चाकूपुढं कुठलीच पकड भरवशाची नाही.

तुम्हीच खाली पडलात तर? तालमीत वाढलेल्यांना इथं एक सवय महागात पडते. पाठ लागू नये म्हणून पैलवान पालथा होऊन मातीला चिकटतो. आखाड्यात ते शहाणपण आहे, रस्त्यावर मात्र मागून डोक्यात लाथा बसतात आणि त्या दिसतही नाहीत. उलट जुजुत्सूवाला पाठीवर आरामात पडून डाव शोधत बसतो, तेही नको. कुशीवर वळा, एक हात तोंडापुढं, एक हात मागं जमिनीवर, वरच्या पायानं त्याला लांब ठेवा आणि खालचा पाय मागं ओढून उभे राहा. ही एकच हालचाल महिनाभर घोटलीत तरी माझी हरकत नाही. समोरचा तुमच्यापेक्षा 25-30 किलोंनी जड असेल तर, विशेषतः मुलींनी, कब्जाच्या भानगडीत पडूच नये. पकड सोडवा, उठा, पळा.

आता चोक. यावर जरा थांबतो.

मागून नीट बसलेला चोक मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबतो आणि साधारण दहा-पंधरा सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो. सोडला की सहसा थोड्याच वेळात शुद्धीवर येतो. दाबून धरला तर मरतो. 1 मे 2023 ला न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत जॉर्डन नीली हा माणूस डब्यात आरडाओरडा करत, प्रवाशांना धमकावत होता. डॅनियल पेनी या माजी मरीन सैनिकानं मागून त्याची मान धरली. इतर प्रवाशांनी हात धरायला मदत केली. पकड सुमारे सहा मिनिटं राहिली आणि नीली मेला. डिसेंबर 2024 मध्ये ज्युरीनं पेनीला निर्दोष सोडलं. कुणी त्याला हीरो म्हणतं, कुणी खुनी. मी घड्याळाकडे बघतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात त्यानं काय केलं यावर वाद घालता येईल, सहाव्या मिनिटाला त्या डब्यात संपवायला काहीच उरलं नव्हतं.

दुसरी गोष्ट वजनाची. मिनियापोलिसमध्ये 25 मे 2020 ला जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाचा गुडघा नऊ मिनिटांहून जास्त होता आणि तो मेला. आपल्याकडच्या घुटना डावात गुडघा मानेवरच येतो, म्हणून मुद्दाम सांगतो. पालथ्या माणसाच्या पाठीवर दोघं-तिघं बसले की छाती फुलायला जागा राहत नाही. तो श्वासासाठी धडपडतो आणि आपल्याला वाटतं अजून लढतोय, म्हणून आपण आणखी दाबतो. माणूस ढिला पडला की लगेच सोडा, कुशीवर वळवा, श्वास बघा. शुद्धीवर येत नसेल तर 108 ला फोन.

कायदाही इथंच बोट ठेवतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाबद्दल आहेत. कलम 37 म्हणतं की बचावासाठी गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क नाही. कलम 40 प्रमाणे शरीराला धोका असल्याची रास्त भीती वाटली की हक्क सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंत टिकतो. खाली पडून "सोड रे" म्हणणाऱ्याला हाणलेली शेवटची लाथ बचावात मोजणं अवघड आहे, आणि ती कुणाच्या तरी मोबाईलमध्ये असतेच.

सोडतानाही पद्धत आहे. आधी मोठ्यानं सांगा: "मी सोडतोय, मागं जा." चार लोकांनी ऐकलं तर उत्तम. मग त्याचे हात शेवटी सोडत, ढकलून, दोन-तीन पावलं लांब जा. हात वर, तळवे उघडे. पाठ फिरवू नका. मग 112 ला तुम्ही स्वतः फोन करा. लागलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि कागद जपून ठेवा.

क्लासमध्ये आम्ही याचा वेगळा सराव घेतो. डाव लागला की मी मागून टाळी वाजवतो, दुसरा गडी मॅटवर धावत येतो आणि वरच्यानं तीन सेकंदांत सोडून उभं राहायचं. चला, दाखवतो. तू खाली जा, आणि तू तिकडून पळत ये.