नालापानीचा वेढा

डेहराडूनच्या ईशान्येला, साल वृक्षांच्या दाट रानातून वर निघालेल्या नालापानीच्या टेकडीवर, १८१४ च्या ऑक्टोबरात नेपाळचे गोरखा सैनिक एका अर्धवट दगडी तटाची उंची घाईघाईने वाढवत होते. कप्तान बलभद्र कुंवर यांच्या हाताखाली बायकामुले धरून जेमतेम ६०० माणसे होती. चालून आलेल्या जनरल जिलेस्पीच्या इंग्रज फौजेत सुमारे ३,५०० शिपाई होते. किल्ला खाली करण्याचे पत्र रात्री पोहोचले, तेव्हा बलभद्रांनी ते फाडून टाकले आणि अशा अवेळी पत्रांना उत्तर देण्याची आपली रीत नाही, असा निरोप धाडला.

३१ ऑक्टोबरला अनेक बाजूंनी एकदम चढाई करण्याचा इंग्रजांचा बेत होता, पण इशाऱ्याच्या तोफा काही तुकड्यांना ऐकूच गेल्या नाहीत. संतापलेला जिलेस्पी स्वतः पुढे धावला आणि दरवाजापासून थोड्याच अंतरावर गोळी लागून पडला. रिस्पना नदीकाठी आज दोन पांढरे स्तंभ शेजारी शेजारी उभे आहेत. त्यांतला एक त्याचा व त्याच्या सैनिकांचा, तर दुसरा इंग्रजांनीच बलभद्र आणि त्यांच्या गोरख्यांसाठी उभारलेला आहे.

दिल्लीहून मोठ्या तोफा येईपर्यंत महिना गेला. २७ नोव्हेंबरला तटाला खिंडार पडले, तरीही हल्ला परतवला गेला. खिंडारात उभ्या राहून गोळीबाराची पर्वा न करता दगड फेकणाऱ्या बायका इंग्रजांनीच पाहिल्या. याच वेढ्यात, तोफा धडधडत असताना, एक गोरखा हात हलवत एकटाच इंग्रजांकडे चालत आला. गोळ्याने त्याचा जबडा फुटला होता. इंग्रजांच्या इस्पितळात तो बरा झाला, आणि बरा होताच त्याने आपल्या पलटणीत परत जाऊन लढण्याची परवानगी मागितली.

बळाने जे साधले नाही, ते अखेर तहानेने साधले. पाण्याचा झरा तटाबाहेर होता. इंग्रजांनी ती वाट अडवली आणि उघड्या आवारावर तोफांचा मारा चालूच ठेवला. माझ्या मते किल्ला पडला तो इथेच, खिंडारात नव्हे. ३० नोव्हेंबरच्या रात्री बलभद्र उरलेल्या सुमारे ७० जणांसह वेढा फोडून निसटले. त्यानंतर इंग्रज आत शिरले, तेव्हा तटाच्या आत प्रेतांचा खच पडला होता, आणि त्यांत अजून धुगधुगी असलेले जखमी पाणी मागत होते.